शनिवारचे साहेब

तुळजा मिसनी मला नोकरीवरून पहिल्यांदा काढून टाकलं तेव्हा मी नववीत होते. नोकरीवर ठेवलंही त्यांनीच होतं, जरा वेळापूर्वी. "संध्याकाळी सहापर्यंत थांबावं लागेल, जमेल?" असं त्यांनी साहेबाच्या जाड आवाजात विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं, "आईला विचारून सांगते."

"मग आईलाच पाठवून दे," साहेब म्हणाले, "तिला ठेवून घेतो."

सगळा वर्ग बाकं बडवून हसला. मला इतका राग आला की बसमध्ये बनशंकरीला घरापाशी उतरेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर आई कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "खरंच ठेवून घेतील का गं?"

आमची शाळा चामराजपेटेत होती. आम्ही निपाणीकडचे, बाबांच्या बदलीमुळे बेंगळुरूत आलेले. शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे मिस वर्गात कन्नडच बोलायच्या आणि त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. पण व्हरांड्यात मी एकटी सापडले की त्या मराठीवर यायच्या. ते त्यांचं घरचं मराठी. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले म्हणे, आणि येताना आणलेलं मराठी त्यांनी तेव्हापासून कन्नडाच्या शेजारी वाढवलं होतं. "इकडं ये गे. स्वल्प थांब. तुझं मराठी पुस्तकातलं आहे, माझं चुलीपाशचं," असं त्या म्हणायच्या, आणि वर पुन्हा विचारायच्या, "कुठलं गोड, सांग." मी अर्थात त्यांचंच म्हणायचे. मार्क त्यांच्या हातात होते.

त्यांचा विषय कार्यानुभव. दुसऱ्या शाळांत या तासाला लोकरीची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं होत. फुलं धूळ खात पडायची आणि घरात कुणी राहायला जायचं नाही, त्यामुळे हा तास म्हणजे झोपेचाच तास असे. मिसनीही सुरुवातीला मुलांकडून अशीच फुलं करून घेतली होती. मग त्यांची एक हुशार विद्यार्थिनी दहावी पास झाल्यावर घड्याळांच्या एका दुकानात नोकरी मागायला गेली आणि दुकानाच्या काचेच्या दारापर्यंत जाऊन परत आली. दार ढकलायचा धीरच झाला नाही. ती शाळेत येऊन मिसपुढे रडली. मिस सांगायच्या, "त्या दिवशी मी लोकर कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. माझी पोरगी फुलं करण्यात पहिली, आणि तिला दार उघडता येईना. मग मी शिकवलं काय?"

तेव्हापासून दर शनिवारी शेवटचे दोन तास वर्गाचं ऑफिस व्हायचं. मिसचं टेबल मधोमध यायचं. कापडी पिशवीतून एक काळा, डायल फिरवायचा, केव्हाच मेलेला फोन निघायचा. मिस टेबलामागच्या खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या आणि उघडायच्या तेव्हा साहेब झालेल्या असायच्या. दर शनिवारी वेगळा साहेब. एक पेपरातून मान वर न काढणारा. एक सारखा फोनवर बोलणारा. मेलेल्या फोनवर त्या इतकं खरं भांडायच्या की पलीकडच्या माणसाची आम्हाला कीव यायची. एक अतिगोड साहेब होता, तो घरच्यांची चौकशी करून करून तुमच्याकडून सगळं काढून घ्यायचा आणि शेवटी "मग एवढं सगळं घरी सोडून तू इथं कशाला येतोस?" म्हणून घालवून द्यायचा. सगळ्यांत भयंकर म्हणजे गप्प साहेब. तो काहीच विचारायचा नाही. नुसता बघायचा. आमच्या वर्गातली एक मुलगी त्याच्यापुढे घाबरून सातचा पाढा म्हणायला लागली होती.

मिस तशा दिसायला अगदी साध्या. बुटक्या, गोल, कडक इस्त्रीची सुती साडी, दाढेत कायम एक लवंग. चिडल्या की लवंग या गालातून त्या गालात जायची, तेवढी खूण आम्हाला पुरायची. प्रत्येक वाक्यानंतर त्यांचा शब्द असे, "सरी, पुढं?" सरी म्हणजे ठीक. तुम्ही नापास झालात तरी सरी, पुढं? पडलात तरी सरी, पुढं? मला वाटतं, भूकंप झाला असता तरी धूळ झटकून त्यांनी हेच विचारलं असतं.

"तुला काय येतं?" हा प्रत्येक साहेबाचा हुकमी प्रश्न होता. आम्ही सगळे आधी एकच उत्तर द्यायचो, "मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे."

"बैलही असतो की," साहेब म्हणायचे. "तुला येतं काय?"

मग आम्ही अडायचो. घरी जाऊन आपल्याला काय येतं ते शोधून आणायचं, हा त्यांचा गृहपाठ. मी आठवडाभर डोकं खाजवलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "उलट उत्तरं देता येतात." तेच मी शनिवारी रागारागानं सांगितलं. साहेबांनी पेपर खाली ठेवला. "छान! गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तुला पुढं करायचं. पण उत्तर देताना स्वल्प हस." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्या गुणाला कुणीतरी जागा दाखवली होती. मला मिस आवडायला लागल्या त्या त्याच दिवसापासून.

त्यांचे बाकीचे धडे कुठल्या पुस्तकात सापडायचे नाहीत. नव्या ठिकाणी गेल्यावर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: बाथरूम कुठे आहे, कॉफी कोण करतं, आणि कोण कुणाशी बोलत नाही. डब्यात पहिल्या दिवशी दोघांपुरतं न्यायचं. एकटं खाणाऱ्याला कुणी काम शिकवत नाही. चूक झाली तर साहेबाला दुसऱ्याकडून कळायच्या आत आपण सांगायची. आणि चप्पल घासत चालायचं नाही. "तुझं नाव कळायच्या आधी साहेबाला तुझी चप्पल कळते," असं म्हणून त्या आम्हाला व्हरांड्यात चालायला लावायच्या. शेजारच्या वर्गाचं गणित थांबायचं आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहायचे. मिस त्यांनाही म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही पण एकदा चालून दाखवा."

फोनचा धडा मात्र खऱ्या फोनवर व्हायचा. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी फोन नव्हता, आणि ज्यांच्या घरी होता तिथे तो वडिलांचा होता. त्यामुळे मिस आम्हाला कोपऱ्यावरच्या नाणं टाकायच्या फोनवर न्यायच्या. पलीकडे असायचे त्यांचे शेजारी शामण्णा, गिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. शामण्णा म्हणजे कंपनी. आम्ही फोन करून नमस्कार करायचा, नाव सांगायचं, काम मागायचं, पत्ता विचारायचा आणि तो परत म्हणून खात्री करायची. शामण्णांना या कामाचा इतका उत्साह की शनिवारी ते घरातसुद्धा पँट-शर्ट घालून फोनपाशी बसत.

एका शनिवारी वेंकटेशची पाळी आली. वेंकटेश म्हणजे वर्गातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मुका मुलगा. हजेरीलासुद्धा तो नुसता हात वर करायचा. त्यानं नंबर फिरवला, नाणं टाकलं आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, अगदी शिकवल्याप्रमाणे बोलला. नमस्कार केला. नाव सांगितलं. "मला अक्षरं नीट वाचता येतात, चुका सापडतात," असं म्हणाला. पत्ता विचारला, परत म्हणून दाखवला, आभार मानले. फोन ठेवल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. मिसच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून इस्त्रीच्या पँटमधले शामण्णा तणतणत आले. "काय हे मिस? सकाळपासून बसलोय. एकाचाही फोन नाही!"

"आत्ता वेंकटेशचा झाला की, अण्णा."

"मला नाही आला."

आम्ही सगळे वेंकटेशकडे बघायला लागलो. त्यानं एक आकडा चुकवला होता. त्याला पत्ता पाठ होता म्हणून बरं. दोन गल्ल्या सोडून एका छापखान्याचा होता तो. मिस त्याचा हात धरून तडक तिकडे निघाल्या, माफी मागायला. मागून आम्ही, आमच्या मागून शामण्णा. छापखान्याचे मालक शाईचे हात पुसत बाहेर आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "चूक कसली त्यात? मला प्रुफं वाचायला पोरगा हवाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवा." वेंकटेश खरोखर त्या सुट्टीत तिथे गेला. जूनमध्ये शाळेत परत आला तो हजेरीला "येस मिस" म्हणत. शामण्णांनी मात्र त्याला बरेच दिवस माफ केलं नाही. त्यांचं म्हणणं, आपल्याला डावलून पोरानं दुसरी कंपनी धरली.

आम्ही दहावीत गेलो आणि एका शनिवारी साहेब आलेच नाहीत. मिस आल्या, खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, उघडले, तरी त्या मिसच होत्या. पिशवीतून फोन काढला नाही. लवंग इकडून तिकडे जात होती.

"मिस, कोणता साहेब आज?" कुणीतरी विचारलं.

"आज कुणी नाही रे. पुढच्या शनिवारी माझाच इंटरव्ह्यू आहे."

आम्हाला आधी ही नव्या साहेबाची युक्ती वाटली. मग त्यांनी सांगितलं. शाळेच्या कमिटीनं ठरवलं होतं की ज्यांची नेमणूक रीतसर झालेली नाही त्यांनी इंटरव्ह्यू द्यायचा. जागेसाठी बाहेरूनही दोन उमेदवार बोलावले होते, दोघींकडे शिवणकामाचा डिप्लोमा. मिसकडे डिप्लोमा नव्हता. त्यांचे सासरे पूर्वी इथेच ड्रिल मास्तर होते. ते गेले तेव्हा कमिटीनं घरी निरोप धाडला होता की सुनेला सोमवारपासून पाठवून द्या. त्या आल्या आणि राहिल्या. इतकी वर्षं त्या हंगामीच होत्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं. निवड झाली नाही तर नोकरी जाणार होती, आणि मिस नसल्या तर शनिवारच्या तासाला कपाटातली लोकर बाहेर येणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"पण मिस, तुम्हाला कसली भीती?" मी म्हणाले. "तुम्हाला तर सगळं येतं."

"मी कधी दिलाच नाही गे इंटरव्ह्यू," मिस म्हणाल्या. हे त्या मराठीत म्हणाल्या, भर वर्गात.

 मग मागच्या बाकावरून वेंकटेश उठला, टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मिस, उठा. बाहेर जाऊन दार वाजवा."

त्या आठवड्यात आम्ही मिसची रोज मधल्या सुट्टीत तयारी करून घेतली. वेंकटेश पेपरवाला साहेब झाला, मी गोड साहेब. आणि काय सांगू, मिस अतिशय वाईट उमेदवार होत्या! "तुम्हाला काय येतं?" म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं उत्तर दिलं, "मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे." वर्ग छप्पर उडेल इतका हसला. पण खरी अडचण वेगळीच होती. त्यांना समोरच्या साहेबाची चूक बघवत नव्हती. उत्तर देता देता मध्येच त्या म्हणायच्या, "वेंकटेश, पेपर उलटा धरलायस. सुनंदा, गोड साहेब असा नाक खाजवत नाही." आम्ही कपाळाला हात लावायचो. आम्ही त्यांच्याकडून वचन घेतलं की शनिवारी काही झालं तरी साहेबाची चूक काढायची नाही. त्यांनी आमच्या हातावर हात मारून वचन दिलं.

शनिवारी इंटरव्ह्यू हेडमास्तरांच्या खोलीत होते. पाहुण्यांना कॉफी द्यायचं काम मला आणि वेंकटेशला मिळालं होतं, मिळालं म्हणजे आम्ही ते मागून घेतलं होतं. खोलीत हेडमास्तर, कमिटीचे दोन सभासद आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे चिकपेटेतले साड्यांचे मोठे व्यापारी. म्हातारे, पांढरंशुभ्र धोतर, सगळे त्यांना यजमान, म्हणजे मालक, म्हणायचे. आम्ही ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा यजमान खिडकीपाशी उभे राहून खाली आपल्या ड्रायव्हरला गाडी सावलीत घ्यायला सांगत होते. त्यांची मधली मोठी खुर्ची रिकामी होती.

दार वाजलं. अगदी हवं तसं, ना जोरात ना हळू. "या," हेडमास्तर म्हणाले. मिस आत आल्या. चपलेचा आवाज नाही. नमस्कार केला, स्वल्प हसल्या. मी मनात म्हटलं, शाब्बास. मग मिस शांतपणे टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि यजमानांच्या खुर्चीत बसल्या.

 मिसनी पर्स बाजूला ठेवली, टेबलावरचा फोन सवयीनं जवळ ओढला.  यजमान खिडकीतून वळले, आपली खुर्ची गेलेली पाहिली, इकडे तिकडे बघितलं आणि भिडेखातर उरलेल्या एका खुर्चीत, म्हणजे उमेदवाराच्या खुर्चीत, अलगद टेकले.

मिसनी मान वर केली. "बसा म्हटल्याशिवाय बसू नये," त्या म्हणाल्या.

म्हणाल्या आणि मग त्यांना कळलं. तोंडावरचा रंगच उडाला. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. वेंकटेशनं मला कोपर मारलं, जसं काही मीच काहीतरी करायला हवं होतं. मला रडू यायला लागलं होतं. गेली, मला वाटलं, मिसची नोकरी आमच्यासमोर गेली.

आणि यजमान उभे राहिले. रागावून नाही, शाळेतल्या मुलासारखे, हात बांधून. "सरी, मिस," ते म्हणाले. "आता पुढं काय करू?"

मिस उठायला लागल्या, तर त्यांनी हातानं थांबवलं. "बसा बसा. माझ्या वडिलांनी मला गादीवर बसवलं, मी कुठं इंटरव्ह्यू दिलाय कधी? एकदा होऊन जाऊ दे. विचारा."

मिसनी आमच्याकडे बघितलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी मान डोलावली. त्यांनी एक खोल श्वास घेतला, डोळे मिटले, उघडले. साहेब आले होते.

"बसा. तुम्हाला काय येतं?"

"धंदा येतो."

"तो दुकानाला येतो. तुम्हाला काय येतं?"

यजमान अडले. आम्ही अडायचो तसेच. छताकडे बघितलं, उपरणं सारखं केलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "गिऱ्हाइकाला बसवून ठेवता येतं."

"कसं?"

"कॉफी मागवतो. आणि कॉफी उशिरा आणायला सांगतो."

मिस खळखळून हसल्या. "बघा! हे सांगायचं. सगळे कष्टाळू आणि प्रामाणिक म्हणतात, आणि आपल्याला जे येतं ते घरी ठेवून येतात. मी पोरांकडून इथं तेच काढून घेते." मग बोलत सुटल्या. काचेच्या दारापाशी परत फिरलेली ती मुलगी, शामण्णा, छापखाना, सगळं सांगितलं. आठवडाभर जिच्या तोंडून एक धड उत्तर आलं नव्हतं ती बाई आता थांबेना, कारण खुर्ची बरोबर होती. हेडमास्तरांनी डोळे उघडले. दोन्ही सभासद पुढे सरकून ऐकत होते. कॉफी गार झाली होती आणि ती कुणी मागितली नाही.

मग यजमान म्हणाले, "आता माझी खुर्ची द्या, मला बाकीचं विचारायचंय," आणि आम्हाला दोघांना बाहेर घालवलं.

बाकीच्या दोघींचे इंटरव्ह्यू संपेपर्यंत सगळा वर्ग फाटकापाशी उभा होता. शाळा सुटून गेली होती. कुणाला भूक लागली म्हणायची हिंमत नव्हती. शामण्णासुद्धा आले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. त्या डिप्लोमावाल्या दोघी आमच्यापुढून ऑटोत बसून गेल्या आणि त्यांच्या तोंडावरून आम्हाला काही कळेना. त्यानंतर मिसबरोबर मी आणखी काही महिनेच होते. मग परीक्षा झाली, बाबांची धारवाडला बदली झाली, आणि मिसची भेट राहिली ती राहिलीच. पण त्यांची आठवण आली की मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या, पायऱ्या उतरून फाटकाकडे येणाऱ्या.

त्या हळूहळू आल्या. लवंग नव्हती दाढेत. बहुतेक आत कधीतरी गिळली असावी. आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मिस, कुणाला घेतलं?" मी विचारलं.

"मला," त्या म्हणाल्या. आणि मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मला घेतलं! मागं ड्रिल मास्तरांच्या सुनेला घेतलं होतं. आज मला घेतलं."

आम्ही ओरडलो. शामण्णांनी टोपी उडवली आणि मग ती शोधत बसले. मी मिसना मिठी मारली, कन्नड मराठी काय काय बोलले मला आठवत नाही. कुणाची नोकरी लागल्याचा इतका आनंद मला पुढे माझी स्वतःची लागली तेव्हाही झाला नाही, हे अगदी खरं सांगते.

वेंकटेश तेवढा शांत होता. गलका कमी झाल्यावर त्यानं विचारलं, "कधीपासून यायला सांगितलंय, मिस?"

मिसनी तोंडावर हात ठेवला. "अय्यो! ते विचारायचंच राहिलं की!"

"मिस, तुम्ही रोज येताच—" मी म्हणायला लागले, पण ऐकतंय कोण. त्यांनी पदर खोचला, आम्हाला तिथेच थांबायची खूण केली आणि उन्हातून भराभर परत निघाल्या. वर्षानुवर्षं रोज सकाळी ज्या शाळेत त्या येत होत्या, तिथे कामाला कधीपासून यायचं ते विचारायला, एकेक पायरी गाळत वर गेल्या.